कधी बिथरेल याचा नेम नाही

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत शिकतो. आम्ही सातारा तालुक्यातील एका गावात राहतो. पती सैन्यात असल्याने घरी मी, सासू-सासरे, १३ वर्षांची मुलगी आणि हा मुलगा एवढेच असतो. तो कधी बिथरेल याचा नेम राहिलेला नाही. मंगळवारी शिकवणीला जाण्यासाठी चप्पल घाल म्हटले, तर दप्तर भिरकावून त्याने शोकेसची काच फोडली. त्याच आठवड्यात वांग्याची भाजी पाहून ताट उडवले, बहिणीचा भूगोलाचा प्रकल्प फाडला आणि मोबाइल काढून घेतला म्हणून तो माझ्या हाताला चावला. रविवारी वडिलांचा फोन झाल्यावर त्याने शेजाऱ्यांच्या गाडीवर दगड मारले. अर्ध्या तासाने हाच मुलगा मांडीवर डोके ठेवून विचारतो, ‘आई, मी वाईट आहे का गं?’ शाळेत तो अगदी शांत असतो, बाईंची एकही तक्रार नाही, म्हणून घरचे याला नाटक म्हणतात. सासरे त्याला गप्प करण्यासाठी पेढा नाहीतर मोबाइल देतात, सासूबाई देवरुष्याकडे नेऊ या म्हणतात, पती फोनवर ‘दोन ठेवून दे’ म्हणतात. मी त्याला लाटण्याने मारले आहे, एकदा न्हाणीघरात कोंडलेही आहे. हा ‘बायपोलर’ असेल का, या भीतीने इंटरनेटवर वाचल्यापासून मला झोप नाही. कधी कधी तो नकोसा वाटतो. मोठी समजूतदार आहे, ती काही बोलत नाही. माझ्या मुलाला आजार आहे, की तो लाडावला आहे?
— एक आई, सातारा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे सात पानी पत्र वर जागेअभावी आटोपशीर करून छापले आहे, परंतु मी ते मुळातून दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी तुम्ही वर्णिलेले पाचही प्रसंग एका कागदावर उतरवून घेतले आणि तुमच्याच मजकुरात जिथे वेळेचा उल्लेख आला आहे, तो त्यापुढे लिहिला. शोकेसची काच सायंकाळी सहाच्या सुमारास फुटली. प्रकल्प फाटला तेव्हा मोठी नुकतीच शाळेतून आली होती. मोबाइलवरून तो चावला तेव्हा तुम्ही देवापाशी दिवा लावून उठत होता, आणि ताट उडाले ते तो शिकवणीहून परतल्यावर. म्हणजे चार प्रसंग पावणेसहा ते पावणेआठ या दोन तासांतले आहेत आणि पाचवा रविवारी वडिलांच्या फोननंतरचा आहे. सकाळी उठताना, आंघोळीच्या वेळी किंवा सुटीच्या दिवशी आजोबांबरोबर रानात गेलेला असताना घडलेला एकही प्रसंग सात पानांत नाही. ज्याचा नेम नाही असे तुम्ही म्हणता, त्याची निदान वेळ तरी ठरलेली दिसते. घरात आदळआपट चालू असताना घड्याळाकडे पाहण्याची सवड कोणाला असणार? त्यामुळे हे तुमच्या ध्यानात आले नाही, यात तुमचे काही चुकले असे मी मानत नाही.

आजार की लाड, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही. पत्रावरून निदान करणे योग्य नाही हे त्याचे एक कारण झालेच. पण मोठे कारण असे की, या प्रश्नाआधी एक वजाबाकी करावी लागते आणि ती अजून झालेली नाही. भुकेने, थकव्याने, अपुऱ्या झोपेने, न जमणाऱ्या अभ्यासाने आणि घरातील चार माणसांच्या चार तऱ्हांनी जे घडते ते आधी बाजूला काढावे लागते. त्यानंतर जे उरेल, ते घेऊन डॉक्टरांकडे जायचे. काही लक्षणे मात्र अशी असतात की त्यांच्यासाठी वजाबाकीची वाट पाहायची नसते. त्यांच्याविषयी मी पुढे लिहिले आहे.

प्रथम शाळेचे पाहू. ‘शाळेत शांत, मग घरीच कसा असा वागतो?’ या प्रश्नातून घरच्यांनी नाटकाचा निष्कर्ष काढला आहे, आणि तो मला घाईचा वाटतो. तुमचा मुलगा दहाला गाडीत बसतो, ११ ते ५ शाळेत असतो आणि पावणेसहाला घरी येतो. या पावणेआठ तासांत तो रांगेत उभा राहतो, आवडत नसले तरी बाकावर बसतो, चिडवणाऱ्या मुलाला उलट मारत नाही आणि बाईंनी सर्वांपुढे वाचायला सांगितले तर कसेबसे वाचतो. स्वतःला आवरून धरण्याची लहान मुलाची शक्ती मर्यादित असते आणि ती तो शाळेत खर्च करून येतो. जिथे आपण कसेही वागलो तरी आपल्याला कोणी टाकून देणार नाही अशी त्याची खात्री आहे, तिथे आल्यावर ती दोरी सुटते. साहेबांपुढे दिवसभर मान डोलावून घरी आल्यावर भांड्यांवर राग काढणारी मोठी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि त्यांना कोणी नाटकी म्हणत नाही. शिवाय त्याचा डबा निम्मा परत येतो, असे तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिले आहे. म्हणजे दीडच्या सुट्टीत अर्धी पोळी खाल्लेला मुलगा पावणेसहाला दारात येतो, तेव्हा त्याला ‘डबा का नाही संपवला, आज काय शिकवलं, वही दाखव’ असे विचारले जाते आणि साडेसहाला पुन्हा शिकवणीला पाठवले जाते. त्याच्या जागी मी असते तर दप्तर मीही भिरकावले असते.

म्हणून उद्यापासून दारात एकही प्रश्न विचारू नका. पायरीवर बसवून आधी खायला द्या. भाकरीला तूप-गूळ लावून द्या किंवा भाजलेले शेंगदाणे आणि केळे द्या, पण पोटभर काहीतरी असावे. त्यानंतर पाऊण तास तो अंगणात, गल्लीत, सायकलवर, जिथे असेल तिथे असू द्या. शिकवणी तीन आठवडे बंद ठेवा. चौथीतील मुलाचे तीन आठवड्यांत असे काही बुडत नाही, आणि सासऱ्यांना ते पटत नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा. शिकवणी बंद झाल्यावर तो खरोखर निवळला, तर तेथे नेमके काय होते हेही पुढे पाहावे लागेल.

या तीन आठवड्यांसाठी एक साधी वही घाला. तो बिथरला की त्याच रात्री, तो झोपल्यावर, पाच-सहा ओळी लिहायच्या : किती वाजले होते, त्याआधी तो केव्हा आणि काय जेवला होता, आदल्या रात्री किती वाजता झोपला, बिथरण्यापूर्वी शेवटचे वाक्य कोणाचे होते आणि कोणते, किती वेळ चालले आणि ते कशाने थांबले. बहुतेक पालक मधला भाग सविस्तर लिहितात, म्हणजे काय फेकले, काय शिव्या दिल्या, किती रडला. तो भाग सर्वांत कमी उपयोगाचा असतो. सुरुवात आणि शेवट नीट लिहा. विशेषतः शेवटी त्याला काय मिळाले किंवा त्याची कशातून सुटका झाली, हे एका वाक्यात लिहाच. ही वही त्याच्यासमोर उघडू नका आणि ती त्याचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी कोणाला दाखवू नका.

शेवटाविषयी मी इतके का सांगते, ते तुमच्याच पत्रावरून स्पष्ट करते. तुम्ही मोबाइल काढून घेता, तो चाळीस मिनिटे थयथयाट करतो, सासऱ्यांना ते ऐकवत नाही आणि ते मोबाइल परत देतात. दुसऱ्या दिवशी सासरे देत नाहीत, तुम्ही ठाम राहता, तो रडून झोपतो. तिसऱ्या दिवशी पाहुणे आलेले असतात, म्हणून तुम्हीच कंदी पेढा हातावर ठेवता. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगणे सोपे आहे. रात्री दहाशिवाय वीज येणार नाही हे पक्के माहीत असेल, तर पंप चालू करायला त्याआधी कोणी विहिरीवर जात नाही. पण वीज केव्हाही येते आणि केव्हाही जाते असे झाले, की माणूस दिवसातून दहा वेळा जाऊन स्टार्टर दाबून पाहतो. कधी मिळते आणि कधी मिळत नाही अशा गोष्टीसाठी केलेली धडपड सर्वांत चिवट असते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवून दिले आहे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रत्यक्ष कुटुंबांत जाऊन आईवडील आणि मुले यांच्यातील भांडणांच्या बारीक नोंदी केल्या, तेव्हा त्यांना याचीच दुसरी बाजू दिसली. मूल ओरडते, मोठे नमतात, मूल गप्प होते. यात ओरडल्याने मिळते हे मूल शिकते आणि नमल्याने शांतता मिळते हे मोठेही शिकतात. पुढच्या वेळी दोघेही आपापला धडा थोड्या वरच्या पट्टीत गिरवतात. तुमच्या घरात सासरे दुष्ट नाहीत आणि मुलगा कारस्थानी नाही. दोघेही शिकलेला धडा गिरवत आहेत. त्या अर्थाने पाहिले तर बेभरवशाचे वागणे एकट्या मुलाचे नाही, ते घराचेही आहे.

म्हणून सर्व मोठ्यांनी एकत्र बसून दोनच गोष्टी ठरवा, अधिक नकोत. पहिली, मारणे, चावणे आणि वस्तू फेकणे यांमुळे कोणाकडूनही काहीही मिळणार नाही. दुसरी, मोबाइल ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मिनिटांपुरता मिळेल आणि तो बंद करण्याआधी पाच मिनिटे सूचना मिळेल. भाजी आवडली नाही, चप्पल उलटी घातली, आंघोळीला उशीर केला, असल्या गोष्टींवर सध्या भांडू नका. आजोबांना पेढा द्यायचाच असेल, आणि त्यांना तो द्यावासा वाटणार याची मला खात्री आहे, तर रोज जेवणानंतर द्यावा. रडण्याशी त्याचा काही संबंध ठेवू नये. एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती तत्त्वात बसत नसली तरी उपयोगी पडते. पाहुण्यांमुळे, आजारपणामुळे किंवा तुमच्याच थकव्यामुळे आज आपण शेवटपर्यंत टिकणार नाही असे वाटत असेल, तर मागितलेली गोष्ट पहिल्याच मिनिटाला हसून द्या. चाळीस मिनिटांनंतर दिलेली तीच गोष्ट त्याला चाळीस मिनिटे ओरडायला शिकवते.

हे सुरू केल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्याचे वागणे अधिक बिघडेल, याची तयारी ठेवा. पूर्वी उघडणारे दार उघडत नाही असे दिसल्यावर कोणीही ते आधी जोराने ठोठावतो. याच टप्प्यावर बहुतेक घरे ‘हे उपाय आमच्याकडे चालत नाहीत’ असे म्हणून सोडून देतात. गावच्या यात्रेच्या किंवा सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नका, आणि सासूबाई-सासऱ्यांनी मनापासून होकार देईपर्यंत तर मुळीच करू नका.

प्रत्यक्ष आकांडतांडव चालू असताना जितके कमी बोलाल तितके चांगले. विचार करून स्वतःला थांबवण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागात चालते, तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उलटतो. नऊ वर्षांच्या मुलाचा तो भाग संतापाच्या भरात जवळजवळ बंदच पडलेला असतो. त्या वेळी दिलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याला ऐकू येतो तो फक्त तुमचा चढलेला आवाज. काचेच्या आणि जड वस्तू आधीच उचलून ठेवा, मोठीला दुसऱ्या खोलीत पाठवा, त्याच्यापासून चार-पाच पावलांवर बसा आणि ‘मी इथेच आहे’ एवढेच एकदा म्हणा. तो अंगावर आला तर हात धरून दूर करा, पण मारू नका. शांत झाल्यावर पाणी द्या. ‘आधी माफी माग’ हा आग्रह त्या घटकेला धरला, तर दुसरी फेरी सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांचेही डोके थंड असताना, फेकलेले त्यानेच उचलायचे आणि फाडलेले त्यानेच चिकटवायचे. शेजाऱ्यांच्या गाडीविषयी तुमच्याबरोबर जाऊन त्यानेच दोन शब्द बोलायचे. शिक्षा एवढी पुरे आहे.

‘आई, मी वाईट आहे का गं?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता, ते पत्रात नाही. ‘नाही रे राजा’ म्हणून जवळ घेणे ठीकच आहे, परंतु त्याला ते पुरत नाही. चाळीस मिनिटांपूर्वी आपण काय केले हे त्याला माहीत असते. त्याला सांगा, ‘तू वाईट नाहीस. राग आल्यावर तू जे करतोस ते चालणार नाही. ते थांबवायला मी तुला मदत करीन.’ ही तीन वाक्ये याच क्रमाने, जितक्या वेळा तो विचारील तितक्या वेळा सांगा. आणि दिवसातून पंधरा मिनिटे अशी ठेवा की ज्यांत तो म्हणेल तो खेळ, तो म्हणेल त्या नियमांनी, तुम्ही त्याच्याशी खेळाल. तो दिवसभर कसाही वागला असला तरी ही पंधरा मिनिटे कापायची नाहीत. पालकांना असे वागण्याचे रीतसर प्रशिक्षण देणे, हाच अशा मुलांवरील उपचारांचा पहिला टप्पा मानला जातो.

लाटणे आणि न्हाणीघर यांविषयी तुम्ही लिहिलेत, हे धाडसाचे आहे. ते दोन्ही आजपासून बंद करा. त्यावर व्याख्यान देण्याची माझी इच्छा नाही, कारण मारल्यानंतर रात्री तुम्हाला झोप लागली नाही हेही तुम्हीच लिहिले आहे. एवढेच सांगते की, ज्या मुलाला संताप आवरायचा कसा हे शिकायचे आहे, त्याच्यासमोर मोठ्या माणसाचा न आवरलेला संताप हा धडा म्हणून जातो. कोंडून घालण्याने तर भीतीची आणखी एक भर पडते. तो ‘कधी कधी नकोसा वाटतो’ हे वाक्य तुम्ही खोडून पुन्हा लिहिले आहे. नवरा सीमेवर, घरात दोन वृद्ध, दोन मुले, आणि त्यांतील एकाच्या मागे रोज दोन तास जीव काढायचा, अशा स्थितीत हे वाटणे अगदी माणसासारखे आहे. पण ते मनात एकटीने बाळगू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याविषयीची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते. तो क्रमांक मुलासाठी आहे तितकाच तुमच्यासाठीही आहे. स्वतःला किंवा मुलाला काही करून बसण्याचा विचार मनात आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा.

आता रविवारच्या फोनविषयी. अपशिंग्यासारख्या ज्या गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते, त्या गावांच्या जिल्ह्यात आपण राहतो. अशा घरांतून मला पत्रे येतात आणि त्यांत हा फोन जवळजवळ नेहमीच असतो. आठवडाभर ‘थांब, बाबांना सांगते’ असे म्हटले जाते. रविवारी पंधरा मिनिटे फोन लागतो. त्यांतील दहा मिनिटे तुम्ही तक्रारी सांगता, तीन मिनिटे ते त्याला रागावतात आणि उरलेल्या दोन मिनिटांत तो ‘हो’, ‘हो’ म्हणतो. ज्याची आठवडाभर वाट पाहिली तो बाप त्याला फौजदार म्हणून भेटतो, आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर दगड पडतात. तक्रारी तुम्ही पतींना वेगळ्या वेळी, मुलगा घरात नसताना सांगा. रविवारचा फोन त्याचा असू द्या. तिकडे बर्फ पडला का, मेसमध्ये काय जेवण होते, सायकलची चेन कशी बसवायची, यांवर बोलू द्या. पती वार्षिक सुट्टीवर येऊन परत गेले, त्यानंतरचे दोन आठवडे गेल्या वर्षी कसे गेले, हेही आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मला शंका आहे की त्या तारखा बोलक्या असतील. सुट्टीत आल्यावर पतींनी घराचे नियम मोडू नयेत आणि नवे कडक नियमही लावू नयेत. जे चालू आहे त्यातच मिसळावे, एवढे त्यांना माझ्या वतीने सांगा.

वजाबाकीतील शरीराचा भाग बालरोगतज्ज्ञांकडे करायचा आहे. तो तोंड उघडे टाकून झोपतो आणि घोरतो, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मी त्याखाली रेघ मारली आहे. नाकामागील ॲडेनॉइड किंवा घशातील टॉन्सिल वाढले असतील, तर रात्रभर झोप मोडत राहते. असे मूल दिवसा पेंगेलच असे नाही, उलट अनेकदा चळवळे आणि चिडचिडे होते. त्यात तो अकराला झोपतो आणि सातला उठवला जातो. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. मालिका संपेपर्यंत दिवे चालू ठेवण्याची पद्धत त्याच्यासाठी तरी बंद करावी लागेल. हिमोग्लोबिन, डोळे आणि कान तपासून घ्या. बद्धकोष्ठता आहे का हेही सांगा. बोलता बोलता तो क्षणभर शून्यात पाहतो आणि मग काहीच आठवत नाही, असे होत असेल तर तेही आवर्जून सांगा. औषधाच्या दुकानातून ‘शांत झोपेचे’ म्हणून मिळणारे कोणतेही सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका.

अभ्यासाला बसवले की त्याचे पोट दुखते, याचाही शोध घ्या. त्याला पूर्वी न वाचलेला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. शाळेतला धडा नको, कारण पाठांतराच्या जोरावर तो तुम्हाला सहज चकवील. अक्षरे गाळत असेल, जोडाक्षरापाशी अडत असेल, अंदाजाने शब्द ठोकून देत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि अधिकृत प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षांत सवलतीही मिळतात. बुद्धी चांगली असून वाचता येत नाही, या अपमानाने चिडलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांना घरोघर ‘आळशी’ आणि ‘हेकट’ हीच दोन विशेषणे मिळालेली असतात.

आता ‘बायपोलर’. अतिउत्साह आणि नैराश्य या दोन टोकांत मन हेलकावणारा हा आजार लहान मुलांत विरळा आहे. त्यात तासातासाला लहर बदलत नाही. सलग काही दिवस मूल नेहमीपेक्षा निराळेच होते, तीन-चार तास झोपूनही थकत नाही, अखंड बोलते, आपल्याला अचाट शक्ती आहे असे सांगू लागते. सहा वाजता काच फोडून सात वाजता मांडीवर येणे, हे त्या वर्णनात बसत नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चिडक्या मुलांना बायपोलर ठरवण्याचे प्रमाण फार वाढले होते. अशा सतत चिडचिड्या मुलांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेतल्यावर दिसले की, त्यांना पुढे बायपोलरपेक्षा नैराश्याचा आणि चिंतेचा त्रास अधिक होतो. म्हणून २०१३ मध्ये तेथील निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी निराळे नाव दिले गेले. त्याचे निकष कडक आहेत : आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक उद्रेक, मधल्या वेळातही जवळजवळ रोज दिवसभर चिडलेली मनःस्थिती, हे सर्व किमान वर्षभर, आणि घर, शाळा, मित्र यांपैकी निदान दोन ठिकाणी. तुमचा मुलगा मधल्या वेळात खेळतो, हसतो आणि शाळेत शांत असतो. तीन आठवड्यांनंतरही वहीची पाने भरतच राहिली, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना दाखवाच. चंचलता-अवधान विकार (एडीएचडी) किंवा चिंता रागाच्या रूपाने बाहेर येते आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. मरून जाण्याची भाषा, प्राण्यांना इजा करणे, आग लावणे, हाती सुरी-विळा घेणे, न दिसणारे दिसणे किंवा ऐकू येणे, यांपैकी काहीही घडले तर तीन आठवडे थांबू नका, लगेच जा.

कोठे जायचे, तर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्याची पथके शासकीय व अनुदानित शाळांतही जातात, तेव्हा शाळेतही विचारा. ओपीडीचे वार विचारून मगच घरून निघा. पती सेवेत असल्याने लष्करी रुग्णालयाचा मार्गही तुम्हाला मोकळा आहे. जाताना वही बरोबर न्या. दहा मिनिटांच्या भेटीत जे सांगून होणार नाही, ते ती सांगेल.

सासूबाईंशी देवरुष्यावरून भांडू नका. त्या मीठ-मोहरीने दृष्ट काढतात तेवढी काढू द्या. त्या निमित्ताने आजी पाच मिनिटे त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, त्याने त्याचे बरेच होईल. मात्र अंगात काही शिरले आहे असे म्हणून कोणी त्याला मारले, चटके दिले किंवा मिरचीची धुरी दिली, तर तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे होते.

राहता राहिली मोठी. सात पानांत तिच्यावर दोन ओळी आहेत, आणि त्यांपैकी एक ‘ती काही बोलत नाही’ ही आहे. कित्येक दिवस खपून केलेला प्रकल्प डोळ्यांदेखत फाटल्यावर तेरा वर्षांची मुलगी काहीच बोलली नाही, ही मला समजूतदारपणाची खूण वाटत नाही. तिला कुलूप लागेल असे एक कपाट किंवा पेटी द्या आणि किल्ली तिच्याकडेच ठेवा. भावाला सांभाळण्याचे, शांत करण्याचे काम तिच्याकडून काढून घ्या. आठवड्यातून एकदा तिला एकटीला घेऊन राजवाड्यावर चक्कर मारून या, आणि त्या फेरीत भावाचा विषय तिने काढला तरच काढा. प्रकल्पाचे मार्क गेले असतील तर तिच्या बाईंना आजच भेटा. घरी काय घडले ते मुलीला शाळेत सांगावे लागू नये.